प्रतींची पारख

ज्या धंद्यांतील यश कोणाच्या नजरेस येत नाहीं आणि अपयश मात्र एका क्षणांत जगजाहीर होतें, असे जे थोडे धंदे आहेत, त्यांत संगणकावरील माहितीचें दप्तर राखणाराचा धंदा पहिल्या पंक्तीस बसवावा लागेल. आगगाडीचें तिकीट मिळालें, बँकेंत पगार जमा झाला, परीक्षेचा निकाल घरबसल्या दिसला, म्हणजे त्या दप्तरदाराची आठवण कोणासहि होत नाहीं. त्याच दप्तरांतील चार पानें हरवलीं कीं हजारों माणसांचा खोळंबा होतो. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरांतील मुलगा, मुलगी, सून किंवा जांवई आज याच व्यवसायांत आहे. कोणी पुण्यास हिंजवडींत, कोणी बंगळुरास, तर कोणी परदेशीं. मुलगा ‘सॉफ्टवेअरमध्यें’ आहे, एवढें आईबापांस ठाऊक असतें. परंतु त्या कामांत जोखीम कोणती आणि तेथें कर्तव्यनिष्ठा कशांत दिसते, हें क्वचितच ठाऊक असतें. म्हणून या महिन्यांत आम्हीं एक घडलेली हकीकत घेऊन तिजपासून निघणारे व्यावहारिक बोध मांडण्याचें योजिलें आहे. ते मुख्यत्वेंकरून प्रोग्रॅम लिहिणारांस व डेटाबेस सांभाळणारांस उद्देशून आहेत. तथापि ज्यांचा संगणकाशीं संबंध फोनवरील छायाचित्रांपुरताच आहे, त्यांनींहि ते वाचून पाहण्यास हरकत नाहीं.

प्रथम थोडा खुलासा केला पाहिजे. आपल्या जुन्या पेढ्यांवर रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. व्यवहार ज्या क्रमानें घडतील त्या क्रमानें ते रोजकीर्दींत टिपावयाचे आणि मागाहून ज्याच्या त्याच्या खात्यावर खतवावयाचे, अशी रीत होती. हल्लींचे डेटाबेस हीच रीत पाळतात. पोस्टग्रेस-क्यू-एल नांवाचा एक नामांकित व विनामूल्य मिळणारा डेटाबेस आहे. त्याचें मूळ १९८६ सालीं कॅलिफोर्नियांतील बर्कले विद्यापीठांत सुरू झालेल्या कामांत आहे. तो प्रत्येक बदल आधीं आपल्या रोजकीर्दींत लिहितो व मग खात्यांत उतरवितो. त्यामुळें मध्येंच वीज गेली तरी रोजकीर्दीवरून खातीं पुन्हां जुळवितां येतात. याच रोजकीर्दीचीं पानें दुसऱ्या एका यंत्राकडे अखंड पाठवीत राहिलें, म्हणजे त्या यंत्रावर मूळ दप्तराची हुबेहूब जोडप्रत तयार होत जाते. मूळ यंत्र बिघडलें तर जोडप्रतीवर काम चालवावयाचें, अशी योजना असते. एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील हकीकत समजण्यास अडचण पडणार नाहीं.

गिटलॅब नांवाची कंपनी प्रोग्रॅम लिहिणारांस आपलें लिखाण ठेवण्यासाठीं व त्याविषयीं आपसांत विचारविनिमय करण्यासाठीं इंटरनेटवर जागा देते. ३१ जानेवारी २०१७ रोजीं सायंकाळीं तिच्या डेटाबेसावर अकस्मात् भार वाढला. त्यांत कांहीं वांटा उपद्रवी लोकांनीं टाकलेल्या कचऱ्याचा होता आणि कांहीं, एका कर्मचाऱ्याचें खातें खोट्या तक्रारीवरून पुसलें जात होतें, त्या कामाचा होता. भारामुळें जोडप्रतीचें यंत्र मागें पडलें. आणि त्यानें उचलण्यापूर्वींच मूळ यंत्रानें रोजकीर्दीचीं जुनीं पानें टाकून दिलीं. मधलीं पानें नाहींशीं झाल्यावर जोडप्रत पुढें चालूं शकत नाहीं. ती पुसून मुळापासून नवी उतरून घ्यावी लागते. त्या पानांचा वेगळा संग्रह करण्याची सोय डेटाबेसांत होती, पण कंपनीनें ती वापरांत आणलेली नव्हती.

नवी जोडप्रत उतरविण्याचें काम एक अभियंता करीत होता. त्याच्या गांवीं रात्र बरीच झाली होती आणि आतां आपण उठणार, असें त्यानें सांगितलेंहि होतें. तेवढ्यांत ही अडचण उपस्थित झाली व तो थांबला. प्रत उतरविण्याची आज्ञा तो देई आणि यंत्र कांहीं न बोलतां स्वस्थ बसून राही. वस्तुतः तें मूळ यंत्राकडून उत्तराची वाट पाहत होतें. परंतु तसें पडद्यावर कोठेंहि दिसत नव्हतें. मागच्या प्रयत्नांतलें अर्धवट कांहीं जोडप्रतीच्या यंत्रावर उरलें असेल व तेंच आड येत असेल, अशा समजुतीनें त्यानें तेथील दप्तराची जागा साफ करण्याची आज्ञा दिली. परंतु ज्या खिडकींत ती दिली, ती खिडकी जोडप्रतीच्या यंत्राची नव्हती. मूळ यंत्राची होती. दोन्ही यंत्रांच्या नांवांत अवघा एका आंकड्याचा फरक! एक-दोन सेकंदांत ही गोष्ट त्याच्या ध्यानांत आली व त्यानें आज्ञा रोखली. पण तेवढ्या अवकाशांत सुमारें ३०० गिगाबाइटांपैकीं केवळ साडेचार गिगाबाइट शिल्लक राहिले होते. आपल्याकडे त्या वेळीं १ फेब्रुवारीच्या पहाटेचे पांच वाजत होते.

येथपर्यंतची हकीकत एका माणसाच्या नजरचुकीची आहे. खरी शिकण्यासारखी गोष्ट यापुढची आहे. दप्तर गेलें तर प्रतीवरून तें परत उभें करावें, एवढा विचार त्या कंपनीनें केलेला होता. संरक्षणाचे एक नव्हे, पांच उपाय कागदोपत्रीं होते. त्यांपैकीं जोडप्रत तर या दुरुस्तीसाठींच पुसलेली होती. रोज एक संपूर्ण प्रत काढून ती दूरच्या कोठारांत ठेवण्याचा परिपाठ होता. पण कोठार उघडून पाहतां तें रिकामें आढळलें. डेटाबेस ९.६ या आवृत्तीचा आणि प्रत काढणारें हत्यार ९.२ या जुन्या आवृत्तीचें, म्हणून तें हत्यार रोज सुरू होतांच बंद पडत असे. बंद पडल्यास टपालानें सूचना द्यावी, अशी तजवीज होती. पण त्या टपालावर आवश्यक ती ओळखीची खूण नसल्यामुळें घेणाऱ्या यंत्रानें तें नाकारलें होतें. कंपनीनें ज्यांच्या जागेंत आपलीं यंत्रें ठेवलीं होतीं, त्यांच्याकडे तबकड्यांची तात्कालिक प्रतिमा घेण्याची सोय होती. ती इतर यंत्रांसाठीं चालू होती, डेटाबेसाच्या यंत्रांसाठीं नव्हती, कारण तेथें बाकीचे उपाय पुरेसे आहेत असें सर्वांनीं धरून चाललें होतें. राहतां राहिली चोवीस तासांतून एकदां घेतली जाणारी आणखी एक प्रतिमा. ती संरक्षणासाठीं नव्हतीच, प्रयोगशाळेंतील डेटाबेस ताजा करण्यासाठीं होती.

या शेवटच्या प्रतिमेनेंच लाज राखली, आणि तीहि योगायोगानें. अपघातापूर्वीं सुमारें सहा तास, दुसऱ्याच एका प्रयोगासाठीं एकानें ती हातानें मुद्दाम घेतली होती. तशी घेतली नसती तर जवळ जवळ पूर्ण दिवसाचें काम गेलें असतें. ज्या यंत्रावर ती होती त्याच्या तबकड्या मंदगतीच्या असल्यामुळें ती परत आणण्यास सुमारें अठरा तास लागले. तोंपर्यंत जगभरच्या लोकांचें काम थांबून राहिलें. सहा तासांच्या अवधींत नोंदलेलें तें कायमचें गेलें. सुमारें ५००० प्रकल्पांस, ५००० टिप्पणींस व ७०० नव्या खातेदारांस त्याची झळ पोंचली. प्रोग्रॅमांचें मूळ लिखाण निराळ्या ठिकाणीं साठविलेलें असल्यामुळें तें मात्र सुरक्षित राहिलें.

आतां या हकीकतीपासून घ्यावयाचे बोध पाहूं.

पहिला बोध असा कीं, जी प्रत परत उतरवून पाहिलेली नाहीं, तिजवर विसंबूं नये. प्रत काढणें ही अर्धी क्रिया आहे. तिजवरून दप्तर पुन्हां उभें करणें ही उरलेली अर्धी. ही दुसरी क्रिया संकटाच्या रात्रीं प्रथमच करावयाची नसते. महिन्यांतून एक दिवस ठरवून, निराळ्या यंत्रावर, ताज्या प्रतीवरून सर्व डेटाबेस उभा करावा. मुख्य मुख्य कोष्टकांतील ओळी मोजाव्या. शेवटची नोंद किती तारखेची आहे तें पाहावें. आणि या सर्वांस किती वेळ लागला तें लिहून ठेवावें. अठरा तास लागतात हें आधीं कळलें, तर त्यावर उपाय शोधण्यास सवड असते. आमच्या वाचकांस हें तत्त्व परकें वाटूं नये. वेदांचें रक्षण आपल्या पूर्वजांनीं केवळ पोथ्यांच्या आधारें केलें नाहीं. संहितेचीं पदें सुटीं करून पदपाठ, दोन दोन पदें साखळीप्रमाणें जोडून क्रमपाठ, तींच उलटसुलट म्हणून जटा, आणि तीन तीन पदें पुढेंमागें फिरवून घन, अशी एकच संहिता अनेक रीतींनीं म्हणून दाखवावी लागे. एका पाठांत स्वर चुकला तर दुसऱ्या पाठांत तो उघडा पडे. गुरूपुढें म्हणून दाखविल्यावांचून ‘मला येतें’ या म्हणण्यास किंमत नव्हती. डेटाबेसाच्या प्रतीसहि तोच न्याय लावला पाहिजे.

दुसरा बोध जोडप्रतीविषयीं. जोडप्रत आहे म्हणून वेगळ्या प्रतीची गरज नाहीं, असें समजणारे नवशिके पुष्कळ असतात. जोडप्रत यंत्राच्या बिघाडापासून वांचविते, माणसाच्या हातून झालेल्या प्रमादापासून नव्हे. मूळ दप्तरांत कोणी चुकीच्या आज्ञेनें हजार ओळी पुसल्या, तर ती आज्ञाहि रोजकीर्दींत चढते आणि क्षणार्धांत जोडप्रतींतील त्याच हजार ओळी पुसल्या जातात. यास्तव ठराविक वेळीं घेतलेली पूर्ण प्रत आणि त्यानंतरचीं रोजकीर्दीचीं सर्व पानें, अशीं दोन्ही स्वतंत्र जपून ठेवावीं. मग आज दुपारीं तीन वाजून दहा मिनिटांनीं चूक झाली असल्यास तीन वाजून नऊ मिनिटांपर्यंतचें दप्तर पुन्हां उभें करतां येतें. घरगुती व्यवहारांतहि हाच प्रकार आहे. फोनवरील छायाचित्रें आपोआप दुसरीकडे जातात म्हणून गृहिणी निश्चिंत असते. पण पुष्कळ ठिकाणीं ही सोय जोडप्रतीचीच असते, आणि नातवानें फोनवर खेळतां खेळतां चित्रें पुसलीं तर तीं दुसऱ्या ठिकाणाहूनहि पुसलीं जातात.

तिसरा बोध जागेचा आहे. १० मार्च २०२१ च्या रात्रीं फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग शहरीं ओव्हीएच या कंपनीच्या आवारांत आग लागून यंत्रांनीं भरलेली एक इमारत संपूर्ण जळाली व शेजारच्या इमारतीचाहि कांहीं भाग गेला. सुदैवानें मनुष्यहानि झाली नाहीं. परंतु ज्या ग्राहकांचें मूळ दप्तर आणि प्रत हीं दोन्ही त्याच आवारांत होतीं, त्यांचें दोन्ही गेलें. या धंद्यांतील लोक एक सोपा नियम सांगतात: एकंदर तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकीं एक तरी दुसऱ्या गांवीं. आम्ही त्यांत एवढीच भर घालूं कीं, दुसऱ्या गांवची प्रत पुसण्याचा अधिकार रोजच्या कामाच्या खात्यास देऊं नये. म्हणजे चोरानें एका दाराची किल्ली मिळविली तरी दुसरें दार उघडत नाहीं.

चौथा बोध मौनाविषयीं. गिटलॅबचें प्रत काढणारें हत्यार रोज बंद पडत होतें, पण कोणास कळलें नाहीं. कारण बिघडल्यास सूचना यावी अशी व्यवस्था होती, आणि सूचना आणणारा मार्गच बंद होता. सूचना न येणें म्हणजे सर्व कुशल, असें सर्वांनीं मानलें. यास उपाय म्हणजे व्यवस्था उलट करावी. काम झालें कीं ‘झालें’ असा निरोप यावा, त्यांत प्रतीचें आकारमान व घेतल्याची वेळ असावी, आणि ठरल्या वेळेस निरोप आला नाहीं तर दुसऱ्याच एका यंत्रानें हांक मारावी. परगांवीं गेलेला मुलगा ‘अडचण आली तर फोन करीन’ असें म्हणून गेला, तर आईच्या जिवास घोर लागतो. ‘पोंचल्यावर फोन करीन’ असें म्हणाला, म्हणजे फोन न आल्यास काय करावें तें तिला समजतें.

सूचना येऊनहि न वाचणें हा याच दोषाचा दुसरा भाग. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांत व्यवहार करणाऱ्या नाइट कॅपिटल या पेढीनें २०१२ सालीं आपल्या आठ यंत्रांवर नवा प्रोग्रॅम चढविला. तो चढवितांना आठांपैकीं एक यंत्र राहून गेलें. काम करणाराचें काम दुसऱ्यानें तपासावें, असा नियम तेथें नव्हता. राहिलेल्या यंत्रावर २००३ पासून वापरांत नसलेला एक जुना प्रोग्रॅम तसाच पडून होता, आणि नव्या कामासाठीं योजलेली खूण नेमकी त्या जुन्या प्रोग्रॅमास जागें करणारी होती. १ ऑगस्ट २०१२ रोजीं बाजार उघडतांच त्या एका यंत्रानें खरेदीविक्रीचा सपाटा लाविला आणि सुमारें पाऊण तासांत पेढीस ४६ कोटि डॉलरांहून अधिक तोटा आला. बाजार उघडण्यापूर्वींच त्या यंत्राच्या बिघाडाचीं ९७ टपालें कर्मचाऱ्यांकडे आलेलीं होतीं. परंतु तीं निकडीच्या सूचना म्हणून योजलेलीं नसल्यामुळें त्यांवर कोणी कांहीं केलें नाहीं. गोंधळांत उपाय म्हणून ज्या सात यंत्रांवर नवा प्रोग्रॅम नीट चढला होता, त्यांवरूनहि तो काढून टाकण्यांत आला. त्यामुळें तींहि बिघडलेल्या यंत्राप्रमाणेंच वागूं लागलीं. अमेरिकेच्या रोखे नियामक मंडळानें २०१३ सालीं त्या पेढीस १ कोटि २० लक्ष डॉलर दंड केला; तत्पूर्वींच ती दुसऱ्या पेढींत विलीन झाली होती. जुना, निरुपयोगी प्रोग्रॅम वेळींच काढून टाकावा, प्रत्येक यंत्रावर तोच प्रोग्रॅम आहे हें यंत्राकडूनच पडताळून घ्यावें, आणि संकटांत उलट पाऊल टाकण्यापूर्वीं त्याचा परिणाम काय होईल हें निदान दोघांनीं मोठ्यानें बोलून पाहावें, हें त्यावरून शिकावयाचें.

पांचवा बोध प्रत्यक्ष हाताच्या संवयीचा आहे. ज्या आज्ञेनें कांहीं नाहींसें होतें, ती देण्यापूर्वीं आपण कोणत्या यंत्रावर आहों हें यंत्रासच विचारावें. स्मरणावर विसंबूं नये. मूळ यंत्राच्या खिडकीचा रंग तांबडा व प्रयोगाच्या यंत्राचा हिरवा, इतकी साधी योजना पुष्कळ अनर्थ टाळते. गिटलॅबनेंहि अपघातानंतर यंत्रांचीं नांवें पडद्यावर ठळक वेगळीं दिसावीं अशी व्यवस्था करण्याचें ठरविलें. दप्तर पुसण्याऐवजीं त्याचें नांव बदलून तें बाजूस ठेवावें आणि चार दिवसांनीं, सर्व ठीक चाललें असें पाहून, मग पुसावें. डेटाबेसांतील ओळी पुसावयाच्या असल्यास ‘डिलीट’ लिहिण्यापूर्वीं त्याच अटीनें ‘सिलेक्ट’ करून किती ओळी निघतात तें पाहावें. नंतर ट्रँझॅक्शन उघडून त्यांत पुसावें; यंत्रानें सांगितलेला आंकडा पहिल्या आंकड्याशीं जुळला तरच ‘कमिट’ करावें, नाहीं तर ‘रोलबॅक’. ‘व्हेअर’ची अट लिहावयास विसरल्यामुळें सारें कोष्टक पुसलें जाण्याचा प्रसंग या संवयीनें टळतो. यास फार तर दोन मिनिटें अधिक लागतात.

सहावा बोध घरच्यांसाठींहि आहे. वरील अपघात रात्रीं उशिरां, थकलेल्या माणसाच्या हातून घडला. अपरात्रीं काम करावें लागणें या धंद्यांत अपरिहार्य आहे. परंतु अपरात्रीं एकट्यानें, न परतवितां येणारें पाऊल टाकणें अपरिहार्य नाहीं. तशा वेळीं दुसऱ्या एकास फोनवर घ्यावें, आपण काय करणार तें त्यास वाचून दाखवावें, आणि शक्य असेल तर सकाळची वाट पाहावी. मुलगा किंवा सून रात्रीं दोन वाजेपर्यंत कामावर बसली असेल, तर सकाळीं सातास सत्यनारायणाच्या तयारीस ती कां उठली नाहीं, अशी कुरकुर करणाऱ्या वडील मंडळींनीं या गोष्टीचा विचार करावा. रात्रपाळीच्या डॉक्टरास आपण झोपूं देतों. दप्तर राखणाराची झोपहि तितकीच लोकांच्या उपयोगाची आहे.

आतां एक प्रश्न उरतो, व तो नाजूक आहे. ज्यानें दप्तर पुसलें, त्याचें पुढें काय झालें? गिटलॅबनें त्यास कामावरून काढलें नाहीं. उलट, दुरुस्ती चालू असतांना आपल्या कामाची टिपणवही सर्वांस वाचावयास खुली ठेविली, दुरुस्तीचें काम थेट प्रक्षेपित केलें, आणि १० फेब्रुवारी २०१७ रोजीं कारणांसह सविस्तर निवेदन प्रसिद्ध केलें. आमच्या कांहीं वाचकांस हें औदार्य अस्थानीं वाटेल. हजारोंचें काम बुडविणारास शासन नाहीं, तर शिस्त ती कोठें राहिली, असें ते विचारतील. हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. परंतु त्याच निवेदनांतील एक वाक्यार्थ लक्षांत घेण्याजोगा आहे: प्रतींची परीक्षा नियमानें कां झाली नाहीं, तर ती करण्याची जबाबदारी कोणा एकाच्या नांवावर नव्हतीच. हात एकाचा चुकला, तो दोन सेकंद. कोठार रिकामें आहे हें पाहावयास मात्र तत्पूर्वीं कोणीच गेलें नव्हतें. त्या दोन सेकंदांस शिक्षा करून या दुर्लक्षास मोकळें सोडणें न्यायाचें होत नाहीं.

दुसरा विचार व्यवहाराचा आहे. चूक होतांच नोकरी जाणार, असें ज्यास ठाऊक आहे, तो चूक लपवितो. आणि दप्तराच्या बाबतींत लपविण्यांत गेलेला प्रत्येक तास नव्या नोंदींचें नुकसान करतो. चूक कळल्यावर त्या अभियंत्यानें ती तत्काळ सांगितली म्हणून उरलेली प्रतिमा शोधण्यास सर्वजण लागले. आमच्या मतें शिक्षेची मर्यादा येथें असावी: जो सांगतो, त्यास संरक्षण, जो लपवितो, किंवा सांगून सवरूनहि परीक्षा टाळतो, त्यास शासन. ज्या कचेऱ्यांत हा भेद पाळला जात नाहीं, तेथें हुशार मुलें प्रथम गप्प राहण्यास शिकतात. आणि हें केवळ कचेऱ्यांचें नव्हे. ज्या घरांत कांचेचें भांडें फुटल्यावर आधीं ‘कोणी फोडलें’ असें विचारतात व मग ‘लागलें का’ असें विचारतात, त्या घरांतील मुलेंहि तेंच शिकतात.

या व्यवसायांत असलेल्या आमच्या तरुण वाचकांस एवढेंच सांगावयाचें आहे. उद्यां कामावर गेल्यावर तीन प्रश्न विचारा: आपल्या दप्तराची शेवटची प्रत कोणत्या तारखेची आहे, ती शेवटचीं परत उतरवून कोणी पाहिली, आणि हें काम कोणाच्या नांवावर आहे. तिन्ही प्रश्नांस तारखेसह व नांवासह उत्तर मिळालें तर समाधान माना. न मिळालें तर तें काम स्वतःच्या नांवावर मागून घ्या. त्यांत बढती मिळेल असें आम्ही सांगत नाहीं. परंतु जी रात्र केव्हां तरी यावयाचीच, त्या रात्रीं कोठार रिकामें सांपडणार नाहीं.

घरच्या मंडळींनीं महिन्याचा पहिला रविवार ठरवून छायाचित्रें, घराचे कागद, विम्याचीं व बँकेचीं कागदपत्रें यांची एक प्रत सुट्या तबकडीवर काढावी. ती काढून झाल्यावर दुसऱ्या संगणकावर उघडून चार-दोन चित्रें व कागद खरोखर दिसतात कीं नाहीं तें पाहावें. आणि तशीच एक तबकडी दुसऱ्या गांवीं, बहिणीकडे अगर भावाकडे ठेवावी. ही तबकडी उघडण्याचा परवलीचा शब्द घरांतील एकासच ठाऊक असणें हाहि एक धोकाच आहे; त्याविषयीं पुढील महिन्यांत लिहूं.